इटलीत सहकुटुंब रोड ट्रिप: शहरं पायी, डोंगर गाडीने

घरात इटलीचा विषय निघाला की प्रत्येकाची यादी वेगळी असते. मुलांना पिझ्झा आणि जेलातो हवं असतं. आईला चर्च आणि चित्रं बघायची असतात. आजीला एकदा तरी बर्फाचे डोंगर जवळून पाहायचे असतात. आणि बाबांना मोकळ्या हायवेवर स्वतः गाडी चालवायची असते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘‘टूरच्या बसने कशाला? आपली आपण गाडी घेऊ या की!’’

कल्पना खरोखर चांगली आहे. पण तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा. गाडी कुठे वापरायची आणि कुठे अजिबात वापरायची नाही? इटलीच्या जुन्या शहरांत गाडी म्हणजे निव्वळ डोकेदुखी. रस्ते अरुंद, पार्किंग महाग आणि जागोजागी कॅमेरे. तीच गाडी डोंगरात मात्र आजीच्या गुडघ्यांची आणि मुलांच्या झोपेची काळजी घेते. म्हणून सूत्र सोपं ठेवा. शहरं पायी आणि ट्रामने, डोंगर गाडीने.

या लेखातला मार्ग साधारण १० रात्रींचा आहे. मिलानमध्ये २, गार्दा सरोवराजवळ २, डोलोमाइट्स पर्वतात ३, बोलोन्यात १ आणि फ्लोरेन्समध्ये २. रोम आणि व्हेनिस यात नाहीत. १० दिवसांत सगळंच बसवायला गेलात तर निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि उघडण्यात जाईल.

आधी महिना ठरवा

आपल्या मुलांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते. डोलोमाइट्सचा उन्हाळी हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. एप्रिल-मेमध्ये उंचावरच्या घाटांत बर्फ असू शकतो आणि बऱ्याच केबल कार दुरुस्तीसाठी बंद असतात. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून खुश होऊन पोहोचावं आणि समोर बंद दार असावं, असं व्हायला नको.

शाळा सुरू होण्याआधीच जायचं असेल तर मेच्या शेवटचे दिवस निवडा आणि मुक्काम बोल्झानोसारख्या खालच्या गावात ठेवा. बोल्झानो शहरातूनच रेनोनच्या पठारावर जाणारी केबल कार निघते. ती तिथल्या लोकांच्या रोजच्या ये-जा करण्याची असल्यामुळे हंगामावर अवलंबून नसते. वर १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी रेल्वे आहे. त्या डब्याच्या खिडकीतून समोरचे डोंगर बसल्या जागी दिसतात.

व्हिसाच्या कागदांबरोबरच आणखी एक काम करून ठेवा. गाडी चालवणाऱ्याकडे भारतीय लायसन्ससोबत आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं. ते १ वर्ष चालतं. दोघं जण आळीपाळीने चालवणार असाल तर दुसऱ्याचं नावही गाडीच्या करारात घाला. डिपॉझिटसाठी शक्यतो मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं.

मिलान: गाडी न घेता दोन दिवस

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी ताब्यात घेऊ नका. झोप अपुरी, स्टीअरिंग डावीकडे, रस्त्याची उजवी बाजू धरायची आणि मागच्या सीटवर ‘‘अजून किती लांब?’’ असं विचारणारी मुलं. पहिल्याच दिवशी एवढं सगळं नको. विमानतळावरून ट्रेनने शहरात या आणि गाडी मिलान सोडायच्या दिवशी घ्या.

मिलानचं मुख्य आकर्षण म्हणजे तिथलं ‘दुओमो’, अर्थात कॅथेड्रल. बांधकाम १३८६ मध्ये सुरू झालं आणि पुढे कित्येक शतकं चालत राहिलं. याच्या छतावर फिरता येतं. संगमरवरी सुळक्यांच्या मधून चालताना मुलं अगदी हरखून जातात. वर जायला लिफ्टचं तिकीट मिळतं, मात्र लिफ्टनंतरही थोड्या पायऱ्या असतात, हे घरातल्या मोठ्यांना आधी सांगा.

लिओनार्दो दा विंचीचं ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र याच शहरात, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चच्या जुन्या भोजनगृहात आहे. चित्र नाजूक असल्यामुळे एका वेळी मोजक्याच लोकांना आणि फक्त १५ मिनिटं आत सोडतात. तिकीट बरंच आधी ऑनलाइन काढावं लागतं. आयत्या वेळी मिळेल या आशेवर राहू नका.

हायवेवर निघताना

इटलीला मोटारींसाठीच्या हायवेचा मोठा वारसा आहे. मिलानहून उत्तरेच्या सरोवरांकडे जाणारा खास मोटारींचा रस्ता १९२४ मध्येच सुरू झाला होता. आज या हायवेंना ‘ऑटोस्त्रादा’ म्हणतात आणि त्यांच्या पाट्या हिरव्या असतात. वेगमर्यादा ताशी १३० किमी आहे, पाऊस असेल तर ११०. गावात शिरलात की ५०. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट लावावे लागतात.

टोलनाक्यावर प्रवेश करताना तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या पाटीच्या ‘टेलिपास’ लेनमध्ये जाऊ नका. ती आपल्या फास्टॅगसारखी, आधीपासून यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. नोटांचं किंवा कार्डाचं चित्र असलेली लेन धरा.

पेट्रोल पंपावर दोन शब्द पाठ हवेत. ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. स्वतः इंधन भरलंत तर स्वस्त पडतं, कर्मचाऱ्याकडून भरून घेतलंत तर दर जास्त असतो.

गाडी निवडताना सीटपेक्षा डिकीकडे लक्ष द्या. पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा साध्या गाडीत मावत नाहीत. घरातल्या दोघांत एकच बॅग ठेवा. आणि १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी चाइल्ड सीट सक्तीची आहे. गाडी बुक करतानाच ती मागून घ्या.

व्हेरोना आणि गार्दा सरोवर

मिलानहून व्हेरोना सुमारे १६० किमी. शहरात मधोमध ‘अरेना’ हे रोमन काळातलं दगडी प्रेक्षागृह उभं आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात बांधलेल्या या जागेत आजही उन्हाळ्यात उघड्या आकाशाखाली ऑपेरा होतात. ही परंपरा १९१३ मध्ये सुरू झाली. दगडी पायऱ्यांवरची तिकिटं स्वस्त असतात, पण बराच वेळ बसायचं असल्यामुळे आजीसाठी गादी असलेली खुर्चीच बरी.

गार्दा हे इटलीतलं सगळ्यात मोठं सरोवर आहे. पूर्व काठावरच्या माल्चेझिने गावातून माँते बाल्दो डोंगरावर केबल कार जाते. तिच्या वरच्या टप्प्यातली केबिन चढता चढता स्वतःभोवती गोल फिरते. त्यामुळे खिडकीपाशी कोण उभं राहणार यावरून भावंडांत भांडण होत नाही. सगळ्यांना सगळं दिसतं. पोहणारी मंडळी खाली काठावर थांबली तरी हरकत नाही. सहलीत सगळ्यांनी सगळं एकत्रच करायला हवं, असं थोडंच आहे!

लाल गोल दिसला की थांबा

आता या सहलीतली सगळ्यात महागात पडू शकणारी गोष्ट. इटलीच्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेड-टी-एल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. पांढऱ्या पाटीवर लाल गोल आणि बाजूला कॅमेरा. परवाना नसलेली गाडी आत गेली की नंबर प्लेटचा फोटो निघतो. तुम्हाला कुणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. दंडाची नोटीस मात्र गाडीच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते आणि त्यावर कंपनीचा प्रक्रिया खर्च वेगळा असतो. दिवसात तीन वेळा आत गेलात तर तीन दंडही होऊ शकतात.

मोबाइलवरचा नकाशा प्रत्येक वेळी सावध करेलच असं नाही. म्हणून तीन गोष्टी करा. हॉटेल बुक करतानाच विचारा, ‘‘तुम्ही या भागात येता का? आमच्या गाडीचा नंबर नोंदवून द्याल का?’’ शक्यतो हॉटेल या भागाच्या बाहेर आणि ट्राम किंवा बसच्या थांब्याजवळ घ्या. आणि ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला फक्त पाट्या बघायचं काम द्या. दहा-बारा वर्षांचं मूल हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतं.

पार्किंगचे रंगही लक्षात ठेवा. पांढऱ्या रेषा म्हणजे सहसा मोफत, निळ्या म्हणजे पैसे भरून आणि पिवळ्या म्हणजे राखीव.

डोलोमाइट्स: इथे गाडी सार्थकी लागते

व्हेरोनाहून ए २२ हायवेने उत्तरेला निघालात की सुमारे १५० किमीवर बोल्झानो लागतं. पाट्या बघून गोंधळू नका. इथे प्रत्येक गावाला दोन नावं आहेत, बोल्झानोचं जर्मन नाव बोत्सेन. हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे इथले बहुसंख्य लोक आजही घरी जर्मन बोलतात. गार्देना खोऱ्यात तर ‘लादिन’ ही तिसरी भाषाही आहे. तिथलं ऑर्तिसेइ हे गाव जर्मनमध्ये सांक्ट उलरिख आणि लादिनमध्ये उर्तिजेइ होतं. नकाशात पत्ता टाकताना सगळी नावं जवळ असू द्या.

बोल्झानोच्या पुरातत्त्व संग्रहालयात मुलांना नक्की न्या. १९९१ मध्ये सीमेवरच्या बर्फात गिर्यारोहकांना एका माणसाचा मृतदेह सापडला. तो अलीकडचा नव्हता, ५,००० वर्षांहून जुना निघाला. ‘ओत्झी’ नावाने जग त्याला ओळखतं. त्याचे कपडे, बूट, तांब्याची कुऱ्हाड असं सगळं इथे ठेवलं आहे. त्याच्या खांद्यात बाणाचं टोक सापडलं, म्हणजे त्याला कुणीतरी मारलं होतं. लहान मूल घाबरट असेल तर मृतदेह ठेवलेल्या खोलीत त्याला न नेताही बाकीचं संग्रहालय बघता येतं.

डोलोमाइट्सला २००९ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे फिकट रंगाचे उभे कडे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी होते. त्यांतल्या पुष्कळ दगडात जुन्या प्रवाळांचे अवशेष आहेत. संध्याकाळी हे कडे गुलाबी, मग केशरी होतात. त्यामागची तिथली गोष्ट नातवंडांना आजीनेच सांगावी. बुटक्यांचा राजा लाउरिन याची डोंगरात गुलाबांची बाग होती. तो पकडला गेला तेव्हा त्याने बागेला शाप दिला, ‘‘तू दिवसा दिसू नकोस, रात्री दिसू नकोस.’’ पण तिन्हीसांजेचं नाव घ्यायला तो विसरला. म्हणून फक्त त्या वेळी ते गुलाब डोंगरावर दिसतात.

तीन दिवसांत काय काय करता येईल?

पहिला दिवस ऑर्तिसेइहून केबल कारने आल्पे दी सिउझीवर. हे युरोपातलं सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण आहे. दिवसा साधारण ९ ते ५ या वेळात खासगी गाड्या वर सोडत नाहीत, त्यामुळे केबल कारच बरी. वर सपाट वाटा आहेत, बाक आहेत, खाण्याची ठिकाणं आहेत. आजी बाकावर, मुलं गवतात आणि तुम्ही दोघं तासभर चालून या.

दुसरा दिवस घाटाचा. सेला पर्वताभोवती गार्देना, सेला, पोर्दोई आणि कांपोलोंगो असे चार घाट आहेत. चारही एका दिवसात होतात, पण घरात कुणाला गाडी लागत असेल तर दोनच करा. सेला घाट चढून पोर्दोईला जा. पोर्दोई खिंड २,२३९ मीटरवर आहे आणि तिथून केबल कार काही मिनिटांत २,९५० मीटर उंचीच्या सास पोर्दोईवर नेते. समोर मार्मोलादा दिसतो, ३,३४३ मीटर उंचीचं डोलोमाइट्समधलं सर्वोच्च शिखर. आजीला जवळून बघायचा होता तो बर्फ इथे आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर इतक्या उंचीबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा आणि वर गेल्यावर सावकाश चाला.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. पाऊस आला तर आदल्या दिवसाचा घाट आज करता येतो. ऊन असेल तर गावात फिरा, कपडे धुवा, आळशीपणा करा. सहलीतला हा रिकामा दिवस सगळ्यात आधी कापला जातो आणि नंतर त्याचीच सगळ्यात जास्त गरज भासते.

घाटात चालवताना उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवू नका, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. वळणांवर सायकलवाले भरपूर असतात, त्यांना पुरेशी जागा सोडून पुढे जा. मळमळ होणाऱ्याला पुढे बसवा, मोबाइल बघू देऊ नका आणि आल्याची वडी हाताशी ठेवा. घाट उपाशी पोटी किंवा गच्च जेवून चढू नका.

शाकाहारी मंडळींनी काय खायचं?

घरून निघताना चिवडा, खाकरा, भाजलेले शेंगदाणे खुशाल घ्या. तूप, पेढे, श्रीखंड मात्र बॅगेत नको. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

‘मार्गेरिता’ पिझ्झा सगळ्यांना माहीत असतो. ‘मारिनारा’ पिझ्झावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो असतं, चीज नसतं. पास्त्याच्या सॉसमध्ये किंवा सूपमध्ये मांसाचा अर्क असू शकतो, म्हणून ‘‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’’ म्हणजे ‘मांस नको, मासे नको’ असं स्पष्ट सांगा. काटेकोर शाकाहारी असाल तर हेही लक्षात घ्या की पार्मेझान चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. डोंगरात सफरचंदाचा श्ट्रूडेल मिळतो, तो सगळ्यांनाच आवडतो.

दुपारी अडीच-तीननंतर बरीच रेस्टॉरंट बंद होतात ती संध्याकाळी सातच्या आसपास उघडतात. लहान मुलं आणि मधुमेह असलेले आजोबा सोबत असतील तर ही वेळ सांभाळा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम लावतात, ती फसवणूक नव्हे, रीत आहे. तीन-चार रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर एक वेळचा वरणभात घरातल्या ज्येष्ठांना किती सुखावतो, ते तुम्हाला दिसेलच.

बोलोन्या आणि फ्लोरेन्स

बोल्झानोहून बोलोन्या सुमारे २७५ किमी, हा या सहलीतला सगळ्यात लांबचा टप्पा. म्हणून इथे एक रात्र. १०८८ पासूनची परंपरा सांगणारं विद्यापीठ इथे आहे, पण सहकुटुंब प्रवाशाला आवडेल ते वेगळंच. शहरभर कमानींचे छत असलेले फुटपाथ आहेत, सगळे मिळून सुमारे ६२ किमी. २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ऊन असो की पाऊस, छत्री न उघडता तासन् तास फिरता येतं.

बोलोन्याहून फ्लोरेन्स जेमतेम १०५ किमी. मध्ये अपेनाइन डोंगर आहे. ए १ हायवे इथे दोन वाटांत फुटतो. ‘पानोरामिका’ ही जुनी, वळणांची वाट आणि ‘दिरेत्तिस्सिमा’ ही २०१५ मध्ये सुरू झालेली, बोगद्यांतून जाणारी सरळ वाट. कुणाला गाडी लागत असेल तर दुसरी धरा.

फ्लोरेन्समध्ये गाडी घेऊन शिरूच नका. हायवेला लागूनच ‘व्हिला कोस्तान्झा’ हे मोठं पार्किंग आहे. तिथे गाडी लावली की समोरूनच शहरात जाणारी ट्राम मिळते. १४३६ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तरुणांनी चढावं. बाकीच्यांनी बसने पियात्साले मिकेलांजेलोवर जाऊन तोच घुमट संध्याकाळच्या उन्हात बघावा.

कोल्हापूरच्या राजाची आठवण

फ्लोरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीकाठी ‘काशिने’ नावाचं लांबच लांब उद्यान आहे. तिथे गर्दी नसते, पर्यटकांच्या बसही फारशा येत नाहीत. उद्यानाच्या पार टोकाला, जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे छत्रीखाली एका भारतीय तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर आले होते. लंडनहून मायदेशी परतताना ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं २० वर्षं.

तेव्हा फ्लोरेन्स ही इटलीची राजधानी होती. तिथे दहनाची पद्धत नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. चार वर्षांनी तिथे हे स्मारक उभं राहिलं. महाराजांची या प्रवासातली रोजनिशी १८७२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. स्मारकाजवळचा मोठा पूलही ‘पोंते आल्लिंदियानो’ म्हणजे ‘भारतीयाचा पूल’ म्हणून ओळखला जातो.

मराठी घरातल्या माणसांनी फ्लोरेन्सला येऊन इथे अर्धा तास द्यावा, असं मला मनापासून वाटतं. मुलांना ही गोष्ट सांगा. दीडशे वर्षांपूर्वी इतक्या दूर येणं काय होतं आणि सगळ्यांनी धडधाकट घरी परतणं किती मोठी गोष्ट होती, हे त्यांना पुस्तकापेक्षा इथे जास्त कळेल.

निघण्याआधी एवढं कराच

सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ‘‘एकच गोष्ट बघायची असेल तर कोणती?’’ ज्या गोष्टींची नावं येतील त्या आधी बसवा, बाकी वेळ उरला तर. रोज गाडीतला वेळ तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त नको. आणि दिवसभराचा वेग ठरवताना घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाकडे बघा. त्यांना जमेल ते सगळ्यांना जमतं. आपत्कालीन मदतीचा ११२ हा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाका.

इटलीतली चर्च आणि डोंगर शेकडो वर्षं तिथेच आहेत, राहिलेलं पुन्हा कधी बघता येईल. आजी, नातवंडं आणि तुम्ही असे सगळे एकाच गाडीत बसण्याचे दिवस मात्र मोजकेच असतात. म्हणून यादीतली दोन ठिकाणं खोडा आणि तो वेळ त्यांना द्या.